पाण्यापाशी अडलेला घोडा

१० ऑगस्ट १७६३. गोदावरी भरून वाहत होती. त्याच वर्षी पुण्याची लूट करून गेलेला निजामअली आता औरंगाबादच्या वाटेला लागला होता. फौजेचा एक भाग घेऊन तो स्वतः नदीपार झाला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठावर राक्षसभुवनपाशी मागे राहिला. अठरा वर्षांचे माधवराव पेशवे आणि त्यांचे चुलते रघुनाथराव यांनी नेमकी हीच वेळ गाठली. लढाईत विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पलीकडच्या काठावर असलेल्या निजामाला आपल्याच माणसांच्या मदतीला येता आले नाही. मधे पाणी होते.

राक्षसभुवनच्या लढाईबद्दल लिहिताना निजामाला मिळालेल्या नागपूरकर जानोजी भोसल्यांचे मन कसे वळवले आणि वेढ्यात सापडलेल्या काकांना पुतण्याने कसे सोडवले, यावर भर असतो. तो रास्तही आहे. पण घोड्यांवर चालणाऱ्या त्या काळात लढाईचा निकाल पुष्कळदा नदीच लावत असे. याच्या तीनच वर्षे आधी, १७६० च्या ऑक्टोबरात, अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. नदी अजून उतरलेली नव्हती आणि तो इतक्यात पार होईल असे मराठ्यांना वाटले नव्हते. काही माणसे-जनावरे वाहून गेली, पण फौज पलीकडे पोचली आणि पानिपतची मांडणी बदलली. उतार कुठे आहे हे जाणणारा माणूस आणि त्या माणसाच्या शब्दावर पाण्यात पाय घालणारा घोडा, असे दोघे असले तरच फौज पार होई. दोघांपैकी एक कमी पडला की काठावर थांबणे आले.

आज बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातल्या त्याच राक्षसभुवनला लोक शनिदर्शनाला येतात. घोडदळे गेली, पूल आले. पण पाण्यापाशी अडलेला घोडा अजून आहे. गुडघाभरही नसलेल्या ओढ्याच्या काठावर तो चारही पाय रोवून उभा राहतो, कान टवकारतो, नाकपुड्या फुलवून फुरफुरतो आणि मालकाने जोर लावला की मागच्या मागे सरकतो. मालक ओशाळतो, बघे हसतात, कुणीतरी काठी आणून देतो. इथून पुढे जे घडते त्यावर तो घोडा जन्मभर पाण्याकडे कसा बघणार हे ठरते.

कोरड्या पात्रांच्या मुलखात

बीड जिल्ह्याला नद्यांची वाण नाही. मांजरा आणि सिंदफणा दोघी पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावतात. त्याच तालुक्यात विंचरणा सौताड्याला खोल दरीत उडी घेते. सीना आष्टीच्या सीमेवरून जाते, बिंदुसरा बीड शहर कापत जाते आणि उत्तरेची हद्द तर खुद्द गोदावरीच आखते. पण हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. वर्षातले बरेच महिने यातल्या बहुतेक नद्या म्हणजे दगड, वाळू आणि वेड्या बाभळी. पाऊस लागला की त्याच नद्या एका रात्रीत अंगावर येतात. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेने बीड शहरात घातलेला धुमाकूळ लोक विसरलेले नाहीत आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आष्टीपासून माजलगावपर्यंत गावेच्या गावे पाण्याने वेढली गेली होती.

अशा मुलखात वाढणाऱ्या शिंगराचा पाण्याशी संबंध येतो कुठे? पाणी पाजायचे ते बादलीत नाहीतर सिमेंटच्या हौदात. अंघोळ घालायची ती बोअरच्या पाइपने. पोळ्याला बैल तरी नदीवर नेऊन धुतले जात, घोड्याच्या वाट्याला तेही क्वचित. म्हणून चार-पाच वर्षांचा उमदा घोडा आयुष्यात पहिल्यांदा वाहते पाणी बघतो तेव्हा बुजतो. त्यात त्याचा भित्रेपणा काहीच नाही. ज्याची कधी ओळखच करून दिली नाही त्याच्यावर भरवसा ठेवा म्हटले तर तो कसा ठेवणार?

उलट बाजूही पाहावी. याच मुलखातली घोडी लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीसमोर उभी असते. कानठळ्या बसतात, फटाके उडतात, डोळ्यांवर रंगीत दिवे फिरतात, पायात पोरे येतात आणि ती तालावर नाचते. निसर्गतः घोड्याला यापेक्षा भयंकर काही असू नये. तरी ती सरावली, कारण कुणीतरी लहानपणापासून तिला टप्प्याटप्प्याने हे दाखवले. डीजेला न घाबरणारी घोडी ओढ्याला घाबरते यातच अर्धे उत्तर आहे. घोडा जन्मजात धीट किंवा भित्रा असतो ते थोडे. काय दाखवून वाढवला यावर बरेच अवलंबून असते.

घोडे राहिलेत तरी किती, असे कुणी विचारील. देशात ते झपाट्याने कमी होताहेत. २०१२ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या घरात होती, २०१९ च्या गणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. टांगे संपले, ओझी टेम्पोत गेली. तरी मराठवाड्यातून घोडा हद्दपार झालेला नाही. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. पैठणहून पंढरपूरला निघालेली नाथांची पालखी बीड जिल्ह्यातून जाते आणि पारगाव घुमऱ्याला रिंगणात अश्व धावतो. वरातीच्या घोड्या आहेत, हौसेने पाळलेले मारवाडी-काठेवाडी घोडे आहेत आणि मेंढरांमागे बिऱ्हाड वाहणारी धनगरांची तट्टे आहेत.

या शेवटच्यांविषयी दोन शब्द जास्त. भीमेच्या खोऱ्यातला ठेंगणा, चिवट घोडा म्हणजे भीमथडी. मराठ्यांच्या घोडदौडीचा मोठा भार त्याने वाहिला. पुढे ही जात संपल्यात जमा आहे असेच मानले जाई. ती टिकली ती पागांमध्ये नव्हे, धनगरांच्या वाड्यांवर. २०२४ मध्ये राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीला देशातली आठवी नोंदणीकृत अश्वजात म्हणून मान्यता दिली. धनगराच्या घोडीला पाण्याचे वेगळे धडे द्यावे लागत नाहीत. तिच्या पाठीवर भांडी, घोंगडी, कोकरे आणि कोंबड्या असतात आणि वाटेत ओढा आला तर कळप जातो, मागे तीही जाते. तिचे शिंगरू आईच्या कुशीला लागून पहिल्याच पावसाळ्यात पाण्यात पाय घालते. तबेल्यातल्या घोड्याला शिकवायचे ते नेमके हेच. त्याने जे लहानपणी आपसूक शिकायला हवे होते, ते आपण उशिरा शिकवत असतो.

घोड्याच्या डोळ्यांतून ओढा

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचे, सुमारे ३५० अंशांतले दिसते. गवतात दबा धरलेला वाघ वेळीच दिसावा अशी ही रचना आहे. पण तिची किंमत त्याला मोजावी लागते. दोन्ही डोळ्यांनी एकत्र बघता येईल असा पट्टा समोर अरुंदच असतो आणि खोली जोखायला तोच पट्टा लागतो. कपाळासमोर आणि नाकाच्या खाली तर त्याला दिसतच नाही. म्हणजे ज्या जागी पुढचे पाऊल पडायचे आहे ती जागा जवळ आली की नजरेआड होते. ती बघायची तर घोड्याला मान खाली घालावी लागते, वाकडी करावी लागते, मागेपुढे करावी लागते.

इथेच पहिली मोठी चूक होते. घोडा पाण्यापाशी थबकला की स्वार लगाम आवळतो. मान वर खेचली जाते आणि पाणी बघण्याचे त्याचे एकमेव साधन आपण काढून घेतो. आंधळा करून वर म्हणायचे, पुढे हो.

पाणी हा तसाही फसवा पृष्ठभाग. वरून चकाकते, आत आभाळ दिसते, वाऱ्याने हलते, गढूळ असेल तर तळाचा पत्ता नाही. उजेडातून अंधारात जाताना घोड्याच्या डोळ्याला सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे झाडाच्या सावलीतला काळा डोह त्याला जमिनीतल्या भगदाडासारखा वाटला तर नवल नाही. त्यात खळखळाट, वाहत येणारी काडी, पायाला लागलेला गार स्पर्श. पळून जीव वाचवणाऱ्या जनावराचा सगळा जीव पायांत असतो. पाय कुठे पडतोय हे कळल्याशिवाय तो टाकायचा नाही, ही त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची अक्कल आहे.

उन्हाची दिशासुद्धा बघावी लागते. अलेक्झांडरच्या ब्यूसेफलसची गोष्ट प्लुटार्कने सांगितली आहे. कुणालाच न आवरणारा तो घोडा स्वतःच्या सावलीला बुजतो हे त्या पोराने ओळखले आणि त्याचे तोंड सूर्याकडे वळवले. पाण्याच्या काठावर मात्र सूर्याकडे तोंड केले तर पाणी आरशासारखे डोळ्यांवर तळपते आणि सूर्य पाठीशी घेतला तर स्वतःची काळी सावली पुढे पाण्यात पडते. म्हणून पहिल्या वेळी ऊन कुशीवर राहील अशी जागा आणि वेळ निवडणे चांगले. दुपारची ऊब असली तर आणखी बरे.

डबक्यापासून सुरुवात

शिकवण्याची सुरुवात नदीवर करायचीच नाही. ती घराच्या अंगणात करायची. पाइपने पाच-सहा पावले लांबीची जमीन भिजवायची आणि त्यावरून घोड्याला हाताने धरून चालवायचे. जागा अशी हवी की बाजूने वळसा घालावासा वाटणार नाही, पण कोंडल्यासारखेही वाटणार नाही. ओल्या जमिनीची सवय झाली की उथळ डबके, मग बांधावरून वाहणारे पाटाचे पाणी, मग गुडघ्याखालचा ओढा आणि शेवटी नदीचा कडेचा भाग. एका पायरीवर घोडा निवांत झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही.

पहिले काही दिवस पाठीवर बसू नये. मोरकी घालावी, लांब काढणी घ्यावी, पायात पकड घेणारे बूट असावेत. काढणी हाताला कधीही गुंडाळायची नाही; घोडा उधळला तर बोटे जातात, प्रसंगी माणूस फरफटतो. उभे राहायचे ते घोड्याच्या खांद्याशी, थोडे बाजूला. बरोबर समोर उभे राहून ओढणे ही दुहेरी चूक आहे. एक तर तिथला माणूस त्याला नीट दिसत नाही. दुसरे म्हणजे बुजलेला घोडा पाण्यात उतरण्याऐवजी पुष्कळदा ते उडी मारून ओलांडतो, आणि ती उडी पडते समोरच्या माणसावर.

खरी कला आहे ती काढणी कधी ताणायची आणि कधी सोडायची यात. घोड्याला शिकवण मिळते ती ताणातून नव्हे, ताण सुटण्यातून. हलका ताण द्यायचा आणि त्याने पाण्याच्या दिशेने वजन जरी सरकवले, मान जरी खाली घातली, तरी त्याच क्षणी काढणी ढिली करायची. अर्धे पाऊल पुढे आले तर तिथेच थांबायचे, त्याला पाणी हुंगू द्यायचे, मानेच्या मुळाशी आयाळीखाली खाजवायचे. घोडे एकमेकांना दाताने खाजवतात ते याच जागी आणि तिथे खाजवल्याने त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात हे मोजून पाहिलेले आहे. ढील उशिरा दिली तर धडा चुकतो. घोडा पुढे आला तेव्हा ताण तसाच आणि मागे सरकला तेव्हा आपण दमून सोडला, तर तो पक्के शिकतो की मागे सरकले म्हणजे सुटका. हट्टी म्हणून बदनाम झालेले किती तरी घोडे असे आपणच घडवलेले असतात.

त्याला जायचे असेल तर परतही जाऊ द्यावे. दोन पावले पाण्याकडे, एक पाऊल मागे, पुन्हा दोन पुढे. परतीची वाट मोकळी आहे हे एकदा कळले की पुढे जाण्याची भीती आपोआप कमी होते. बघ्यांची भिंत मागे उभी करून कोंडलेला घोडा मात्र पुढेही जात नाही आणि मागेही. तो वर उठतो.

दुसरा मोठा आधार म्हणजे सोबत. पाण्याला सरावलेली, शांत स्वभावाची वयस्क घोडी पुढे घातली तर जे काम माणसाला आठवडा लागेल ते कधी कधी एका सकाळी होते. घोडा कळपाचा प्राणी आहे. आपल्या जातीचे कुणी पाण्यात उभे राहून निवांत पाणी पिते आहे, हे त्याच्यासाठी कुठल्याही चुचकारण्यापेक्षा मोठे प्रमाणपत्र असते. फक्त सोबतीचे जनावर खरेच शांत हवे. भीतीही याच वाटेने पसरते. दोन बुजरे घोडे एकत्र नेले की ते एकमेकांना शहाणे करत नाहीत.

पहिल्यांदा चारही पाय पाण्यात पडले की लगेच पलीकडे पिटाळू नये. थांबू द्यावे. घोडा मान खाली घालतो, लांब श्वास सोडतो, तोंड चघळल्यासारखे करतो, कान सैल पडतात. ही ताण सुटल्याची लक्षणे. डोळ्याचा पांढरा भाग दिसतो आहे, शेपूट आवळली आहे, मागचा भाग दबून गोळा झाला आहे, तर तो पाण्यात असला तरी मनाने काठावरच आहे. पुढच्या पायाने पाणी उडवू लागला तर प्रथम ती चाचपणी असते, पण तेच जोरात चालू राहिले आणि गुडघे वाकू लागले तर तो लोळायच्या बेतात आहे. पाठीवर खोगीर आणि स्वार असताना हा बेत महागात पडतो. तेव्हा न रागावता पुढे चालवावे.

धडा दहा-पंधरा मिनिटांचा पुरे. जमलेल्या गोष्टीवर थांबावे, मग ती कितीही लहान असो. आज फक्त एक खूर भिजला तर एक खूर. परत फिरावे, चंदी द्यावी, उद्या पुन्हा यावे. आणि जाताना सरावलेला घोडा येताना त्याच पाण्याला पुन्हा बुजला तर चिडू नये. त्या बाजूने काठ वेगळा दिसतो, उजेड वेगळा पडतो. त्याच्या लेखी ते नवे पाणी असते. दोन्ही बाजूंनी, दोन्ही अंगांना उभे राहून, वेगवेगळ्या उतारांवर सराव झाला म्हणजेच घोडा पाण्याला सरावला.

काठीचा हिशेब

मारून घोडा पाण्यात जात नाही असे नाही. जातो. पाठीमागची काठी पुढच्या पाण्यापेक्षा भयंकर झाली की तो उडी टाकतो आणि लोक म्हणतात, बघा, मोडली ना खोड. पण खोड मोडलेली नसते. पाणी दिसले की मार बसतो, एवढेच त्याच्या लक्षात राहते. पुढच्या वेळी तो पाण्यापासून पन्नास पावलांवरच अडतो.

ही काही आजची समज नाही. अश्वारोहणावर लिहिणाऱ्या ग्रीक झेनोफनने सुमारे २,४०० वर्षांपूर्वी बजावून ठेवले आहे की बुजलेल्या घोड्याला मारले तर त्याची भीती वाढते, कारण होणारी वेदना त्या वस्तूमुळेच होते आहे असे तो धरून चालतो. त्याऐवजी आपण स्वतः त्या वस्तूला हात लावून दाखवावा आणि घोड्याला हळूच जवळ न्यावे, असा त्याचा सल्ला. आपल्याकडेही अश्वशास्त्राची परंपरा थोर आहे. शालिहोत्राचे नाव आजही घोडेवैद्यकाशी जोडले जाते आणि ज्यांच्या राज्यात आजचा बीडचा मुलूख होता त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त घोडा हा स्वतंत्र विषय आहे. आज ही विद्या मोतद्दारांच्या हातात आणि धनगरांच्या वाड्यावर उरली आहे. तिला पुस्तकी नाव नाही, म्हणून तिची किंमत कमी होत नाही.

मोबाइलवर घोड्याचे व्हिडिओ काढण्याच्या हौसेने आता नवे संकट आणले आहे. घोडा पाण्यात उडी घेतो, तुषार उडतात, आयाळ भिजते. चित्र देखणे असते. त्यासाठी न सरावलेल्या घोड्याला धरणाच्या फुगवट्यात पिटाळले जाते. त्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रात त्याचे डोळे कुणी बघत नाही.

घोड्याचे बरोबर असते तेव्हा

इतके सगळे झाल्यावर एक प्रश्न राहतो आणि बीड जिल्ह्यात तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. घोडा भितो ते पाणी खरोखरच भिण्यासारखे असले तर?

गोदावरीचे पात्र आज राक्षसभुवनच्या लढाईतले पात्र नाही. वर पैठणला जायकवाडी आहे. १९७६ पासून नदीचे येणे-जाणे बरेचसे धरणाच्या दरवाजांवर ठरते. वर पाऊस झाला, दरवाजे उघडले की खाली आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढते. पात्रात ठिकठिकाणी बंधारे झाले आहेत. त्यांच्या फुगवट्याचे पाणी वरून तळ्यासारखे शांत, पण काठापासून दोन पावलांवर एकदम खोल. माजलगाव धरणाच्या आणि केज तालुक्यातल्या मांजरा धरणाच्या कडेला पाणी ओसरले की वरून वाळलेला, आतून लिबलिबीत गाळ उघडा पडतो. त्यात घोड्याचा पाय रुतला तर धडपडीने तो आणखी खाली जातो. काळ्या मातीच्या ओढ्यांचे काठ पावसाळ्यात तसेच. जलपर्णी माजलेल्या ठिकाणी तर हिरवे मैदान आणि पाणी यांतला फरक माणसालाही कळत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे वाळूचे खड्डे. गेवराई-माजलगावच्या पट्ट्यात गोदावरी आणि सिंदफणेच्या पात्रांतून वर्षानुवर्षे यंत्राने वाळू उपसली गेली आहे. उन्हाळ्यात हे खड्डे दिसतात. पावसाळ्यात त्यावर पाणी पसरते आणि गुडघाभर वाटणाऱ्या जागी पुरुषभर खोली निघते. पोहायला गेलेली मुले अशा खड्ड्यांत बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी वाचतो. आपल्या आज्याला पाठ असलेले उतार आता तसे राहिलेले नाहीत. अशा नदीच्या काठावर एखादा घोडा अडून बसला तर त्याला समजावण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे.

म्हणून क्रम असा असावा: आधी काठी, मग माणूस, मग घोडा. काठीने तळ चाचपायचा, स्वतः चालत पलीकडे जाऊन यायचे आणि मग जनावर घालायचे. जागा उताराची, मुरमाची किंवा घट्ट वाळूची असावी. शेवाळलेले सपाट दगड टाळावेत. नाल मारलेला खूर त्यावर साबणासारखा निसटतो. पाणी गढूळ असेल, वाढत असेल, वरून काटक्या-फेस वाहत येत असेल तर त्या दिवशी धडा नाही.

या क्रमामागे सुरक्षेपेक्षाही मोठे कारण आहे. घोडा पाण्यावर विश्वास ठेवत नसतो, तसा विश्वास त्याच्यात आणताही येत नाही. तो विश्वास ठेवतो तो आणणाऱ्यावर. आपण दहा वेळा त्याला ज्या जमिनीवर नेले ती दहाही वेळा पक्की निघाली, तर अकराव्यांदा तो विचारत नाही. एकदा जरी आपण त्याला खड्ड्यात घातले तर त्या दहा वेळा पुसल्या जातात. बुजऱ्या घोड्याला धीट करणे म्हणजे त्याच्या मनातून भीती काढणे नव्हे. आपला शब्द खरा ठेवणे आहे.

पोहताना

घोड्याला पोहणे शिकवावे लागत नाही. पाय सुटले की तो दुडक्या चालीसारखे पाय मारतो आणि नाक वर ठेवून जातो. बुडतो तो बहुधा माणसाच्या चुकीने. लगाम ओढला की डोके मागे पडते आणि तोल जातो. म्हणून खोल पाण्यात लगाम ढिला सोडायचा, आयाळ धरायची आणि पाठीवरून घसरून प्रवाहाच्या खालच्या अंगाला न जाता वरच्या अंगाला तरंगायचे. खालच्या बाजूला असलो तर प्रवाह घोड्यालाच आपल्या अंगावर आणतो. मारत्या पायांपासून लांब राहायचे.

जुन्या घोडदळांत याचा रीतसर सराव असे. आजचे अंबाजोगाई हैदराबादच्या निजामाच्या अमलात मोमिनाबाद होते आणि तिथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदी लष्करात मिसळले आणि त्याच्या घोडदळाची परंपरा आजच्या डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटपर्यंत येते. त्या काळच्या घोडदळांत नदी ओलांडायची तर खोगीर-सामान नावेत घालत, घोडे उघड्या पाठीने पोहवत आणि सरावलेला घोडा पुढे ठेवत. त्यामागचे तत्त्व ओढ्यावर शिकवायच्या धड्याचेच आहे: ओझे कमी, डोके मोकळे, पुढे ओळखीचा सोबती.

पोहणे घोड्याला फार दमवते, म्हणून हौसेखातर लांब पोहवू नये. बाहेर आल्यावर अंग निथळून कोरडे करावे, ओल्या पाठीवर खोगीर कसू नये. खरचटून जखमा होतात. खुरांतला चिखल काढून तळव्यातल्या पुतळ्या कोरड्या कराव्यात, नाहीतर त्या कुजतात. दोन-चार दिवस पायांवर सूज, जखम किंवा जळू नाही ना ते बघावे.

दिवाळीनंतर

दिवाळी सरली की पाऊस ओसरलेला असतो. ओढे निवळलेले, प्रवाह मंद, काठ अजून ओले पण घट्ट होत आलेले. थंडीचा कडाका नाही, दुपारी ऊन उबदार. पुढे माळेगावची यात्रा आहे, लग्नसराई आहे, नव्या घोड्यांची खरेदी आहे. बुजऱ्या घोड्याची पाण्याशी ओळख करून द्यायला वर्षातला याहून चांगला काळ नाही. जूनमध्ये पूर आल्यावर सुरू केले तर उशीर झालेला असेल.

घोडेवाल्यांना सांगणे एवढेच की घोडा घेताना चाल, रंग आणि भोवरे बघता तसे त्याला एकदा ओल्या जमिनीवरूनही चालवून बघा, आणि तो अडला म्हणून सौदा मोडू नका. तो शिकेल. आणि ज्या गावांशेजारून गोदावरी, सिंदफणा, मांजरा जातात त्या ग्रामपंचायतींना मागणे आहे की नदीकाठी जनावरांना उतरायला एक तरी पक्का, मुरमाचा, उताराचा घाट राखा. त्याच्या आसपास वाळूचे एक घमेलेही उचलू देऊ नका आणि पावसाळ्यात तिथे पाण्याची खूण दाखवणारा खांब रोवा. तो घाट घोड्यांच्या कामी येईल, बैलांच्या, मेंढरांच्या येईल आणि पोहायला जाणाऱ्या पोरांच्याही.